मदत हवी आहे: ‘खचणे’ हा शब्द आला कुठून?

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात आमचा मातीच्या भिंतींचा वाडा आहे. परवाच्या पावसात मागच्या खोलीची जमीन खचली. आधी कोपऱ्यातली फरशी बोटभर खाली गेली, मग ओटा तिरका झाला आणि पहाटे मधली माती आतल्या आत बसली. आवाजसुद्धा नाही. आजी म्हणाली, “भिंत कोसळते, विहीर ढासळते, जमीन खचते.” तिच्या लेखी ही तीन वेगळी दुःखं.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. ‘रत्नखचित’मधलं ‘खचित’ म्हणजे जडवलेलं, ते संस्कृतातलं. ‘खचाखच’ म्हणजे ठासून भरलेलं. मग खाली बसणारं ‘खचणे’ याच घराण्यातलं की वेगळं? माणसाचा धीर खचतो, तो अर्थ मात्र जमिनीवरूनच आला असावा असं मला वाटतं.

दुसरं, मुलगी विचारते ‘इम्प्लोड’ला मराठीत काय म्हणायचं? जून २०२३मध्ये टायटन पाणबुडी समुद्राच्या दाबाने आत चेपली गेली, तेव्हा आम्ही घरात ‘स्फोट’च म्हणत होतो. पण स्फोट बाहेर फुटतो. इंग्रजी शब्दही ‘एक्स्प्लोड’च्या धर्तीवरच घडवलेला, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या टाळ्या वाजवण्याच्या क्रियापदात आहे! ‘अंतःस्फोट’ फार पुस्तकी वाटतो.

बागलाण-कळवणकडच्या अहिराणी बोलणाऱ्यांनी जरूर सांगा, तुमच्याकडे आत बसलेल्या विहिरीला, घराला काय म्हणतात? आजीला वाचून दाखवायचं आहे.