हार्ड, टफ, स्टिफ, रिजिड: मराठीत सगळंच 'कडक' होतंय

सातपूर_भाषांतर
नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यासाठी मशीनचं इंग्रजी मॅन्युअल मराठीत करायचं आहे. वाचणार शॉपवरचे ऑपरेटर. घोडं अडलंय विशेषणांपाशी: हार्ड, टफ, स्टिफ, रिजिड. मसुद्यात चौघांनाही 'कडक' पडलंय. मूळ वाक्यात गिअरची केस हार्ड आणि कोअर टफ आहे. मराठीत 'आवरण कडक, गाभा कडक'! नेमका फरक काय आणि हे शब्द आले कुठून?

उष्णोपचार_अंबड
'गाभा कडक' छापू नका, अर्थ उलटा होतो. 20एमएनसीआर5 सारख्या पोलादाच्या गिअरचं केस हार्डनिंग करताना पृष्ठभागात कार्बन मुरवतात. पृष्ठभाग साधारण 58 ते 62 एचआरसी (रॉकवेल सी मापावरचा कठीणपणा) होतो. गाभ्यात कार्बन कमीच राहतो, म्हणून तिथे कठीणपणा बराच खाली असतो. वरचा थर झिजू नये आणि दाताने धक्का सोसावा, अशी ही वाटणी. गाभाही 60 ला नेला तर दात मुळाशी तडकतो.

शब्द निवडताना वस्तू कशाला दाद देत नाही ते बघा. ओरखडा किंवा खळगा पडत नसेल तर हार्ड, म्हणजे कठीण. रॉकवेल सी चाचणीत 120 अंशांचा हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भाराने दाबून खळग्याची खोली मोजतात, ती यासाठीच. धक्का खाऊनही तुटत नसेल तर टफ, म्हणजे चिवट. त्यासाठी चार्पी चाचणी: 10 बाय 10 मिमीचा, 2 मिमी खाच पाडलेला तुकडा लोलकाच्या हातोड्याने तोडायचा आणि किती ज्यूल खर्ची पडले ते बघायचं. टफच्या उलट ब्रिटल, ठिसूळ. पाणी दिल्यावर (तापवून झटकन थंड केल्यावर) टेंपर न करता, म्हणजे पुन्हा बेताने न तापवता, वापरलेलं हत्यार कठीण असतं, पण ठिसूळ; पहिल्याच ठोक्याला टवका उडतो.

सर्वांत जास्त गोंधळ स्टिफचा. स्टिफ म्हणजे भाराखाली कमी वाकणारं, ताठ. पोलादाला पाणी दिलं काय, न दिलं काय, त्याचा ताठपणा जवळपास तोच राहतो, 200 ते 210 गिगापास्कल. शाफ्ट लवतोय म्हणून हार्डनिंगला पाठवणारे आजही भेटतात. उपयोग शून्य. व्यास वाढवा: पोलाद तेच राहिलं तरी शाफ्टचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, 20 चा 24 मिमी केलात की दुपटीहून जरा जास्त. कार्बाइडचा बोरिंग बार (भोक मोठं करणाऱ्या हत्याराचा दांडा) थरथरत नाही तोही याच कारणाने. कार्बाइडचा ताठपणा पोलादाच्या जवळपास तिप्पट असतो. कठीणपणाचा तिथे संबंध नाही.

रिजिड त्याच्या पुढचं: वाकणं जमेतच धरत नाहीत. दोन शाफ्ट जोडणाऱ्या 'रिजिड कपलिंग'ला दृढ म्हणा.

धातुपाठ
वरच्या उत्तराला व्युत्पत्तीची जोड.

हार्ड हा अस्सल जर्मानिक शब्द. जुन्या इंग्रजीत 'हेअर्ड', जर्मनमध्ये 'हार्ट'. रिचर्ड, बर्नार्ड या नावांच्या शेपटीला तोच आहे, तिथे अर्थ बळकट, शूर. ग्रीक 'क्रातोस' म्हणजे सत्ता, बळ, हाही त्याच्याच कुळातला. डेमोक्रसीतली 'क्रसी' तीच. टफ म्हणजे जुनं 'तोह', जर्मन 'त्से'. न चावल्या जाणाऱ्या मांसाला जर्मन आजही 'त्से' म्हणतात, तेव्हा 'चिवट' अगदी चपखल. ब्रिटल आला 'ब्रेओतान', मोडणे, या क्रियापदाच्या घरातून. रिजिड मात्र लॅटिन, 'रिगेरे' म्हणजे ताठणे. मृत्यूनंतर शरीर ताठरतं त्या रिगॉर मॉर्टिसमध्ये तेच आहे.

मराठी वाचकाला खरी गंमत अ‍ॅडमंटमध्ये आहे. ग्रीक 'अदामास' म्हणजे सर्वांत कठीण पदार्थ. बहुतेक कोश त्याची फोड 'अ' अधिक 'वश करणे' अशी करतात, आणि तो ग्रीक क्रियाधातू व आपला संस्कृत 'दम्' एकाच मुळाचे. म्हणजे बांधणीत तो थेट आपला 'अदम्य'! डायमंडही त्यातूनच आला. आज अ‍ॅडमंट हट्टी माणसालाच लावतात. खनिजशास्त्रातल्या 'अ‍ॅडमंटाइन'ने फसू नका. तो हिऱ्यासारख्या चकाकीचा शब्द आहे. सेरुसाइट या शिशाच्या खनिजाची चकाकी अ‍ॅडमंटाइन, पण 1 ते 10 च्या मोह्स मापावर कठीणपणा जेमतेम 3 ते 3.5.

फर्म (घट्ट, पक्का) हा 'धृ'चा, म्हणून धर्माचा भाऊबंद. सॉलिडचं मूळ आपल्या 'सर्व'शी जुळतं. आधीचा अर्थ अखंड.

लॅटिन 'दूरुस' म्हणजे कठीण. त्यातून ऑब्ड्युरेट (काही केल्या न बधणारा) आणि एन्ड्युअर आले. मात्र विमानांच्या ड्युरालुमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं मूळ ओझरच्या विमान कारखान्याजवळही 'दूरुस' असंच सांगितलेलं ऐकू येईल. त्यातला 'ड्युर' हा जर्मनीतल्या ड्यूरेन गावाचा. तिथल्या कारखान्यात ते प्रथम बनलं.

पिंपळगाव_मणी
निर्यातीच्या निकषात द्राक्षाचा मणी 'फर्म' हवा असतो. तिथे काय लिहायचं?

उष्णोपचार_अंबड
तिथे 'कडक'च ठेवा, बागेत तेच म्हणतात. तो कडकपणा मण्यातल्या पाण्याच्या दाबाचा. पाणी उडालं की मणी मऊ पडतो, म्हणून शीतगृहात 0 अंशांच्या आसपास 90 ते 95 टक्के आर्द्रता ठेवतात.

सातपूर_भाषांतर
आभार. कूलंटच्या (कापताना हत्यार थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) प्रकरणात 'हार्ड वॉटर' आहे, आणि दाराला 'टफन्ड ग्लास'.

उष्णोपचार_अंबड
हार्ड वॉटर म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं 'दुष्फेन पाणी', पण ऑपरेटरसाठी 'क्षारांचं पाणी' बरं. कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असलं की कूलंटचं इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) फुटतं, वर साय धरते.

टफन्ड काचेला 'कडक काच' नको. तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन थंड केल्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो, म्हणून ती धक्का सोसते. ओरखडे मात्र साध्या काचेइतकेच पडतात. मॅन्युअलमध्ये एक ओळ घालाच: या काचेला नंतर भोक पाडू नये, कापू नये. दाबाचा थर फुटला की सबंध काचेचा चुरा होतो.