मदत हवी आहे: सिस्टर्स ऑफ बॅटलचे मिरॅकल फासे कुठे खर्च करायचे?

नमस्कार मंडळी,

इथे वॉरहॅमर ४०,००० (छोट्या पुतळ्यांच्या फौजा टेबलावर लढवायचा फाशांचा खेळ) खेळणारं कुणी आहे का? दहाव्या आवृत्तीचे (२०२३) नियम माहीत असलेलं कुणी भेटलं तर फारच उत्तम.

माझी फौज अडेप्टा सोरोरिटास, म्हणजेच सिस्टर्स ऑफ बॅटल. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: चिलखत घातलेल्या, बोल्टर (बंदूक) आणि फ्लेमर (आग ओकणारं हत्यार) घेऊन लढणाऱ्या नन्स. कथेत गोज वँडायर नावाचा एक जुलमी सत्ताधीश सान लिओर ग्रहावरच्या एका स्त्रीपंथाला फसवून आपल्या पहाऱ्यावर ठेवतो. खरं काय ते कळल्यावर त्यांची पुढारी अलिसिया डॉमिनिका त्याचंच मुंडकं उडवते. पुढे धर्मपीठाला पुरुष सैनिक बाळगायची बंदी होते, तर पठ्ठे बायकांची फौज उभी करतात! मी फौज घेतली ती या कथेवर भाळून, ताकद बघून नव्हे.

आता अडचण. मावसभाऊ अल्ट्रामरीन्स (मरीन सैनिकांची फौज) खेळतो. त्याच्या साध्या मरीनला टफनेस (चिवटपणा) ४ आणि २ वूंड्स (इतके घाव सोसतो), माझ्या सिस्टरला टफनेस ३ आणि एकच वूंड. सेव्ह (घाव अडवायला फाशावर लागणारा आकडा) दोघांचा ३+, म्हणजे ३ किंवा जास्त, असला तरी त्याच्या बोल्ट रायफलला एपी (चिलखत भेदायची ताकद) -१ आहे, त्यामुळे मला ४+ लागतात. १००० पॉइंट्सच्या (फौजेचा आकार पॉइंट्समध्ये मोजतात) डावात तिसऱ्या राऊंडपर्यंत माझं निम्मं टेबल मोकळं होतं. त्यात त्याचा बॅलिस्टस ड्रेडनॉट (चालतं लढाऊ यंत्र) मागे उभा राहून शांतपणे गोळे टाकत असतो, त्याचं काय करायचं तेच कळत नाही.

माझ्याकडे कॅनोनेस (सेनापती), दहाजणींची दोन पथकं, सेराफिम (उडणाऱ्या सिस्टर्स), चार मल्टी-मेल्टावाल्या (चिलखत वितळवणारं जड हत्यार) रेट्रिब्यूटर्स आणि एक इमोलेटर (चिलखती गाडी) आहे. मिरॅकल फासे (आधीच टाकून ठेवलेले, नव्या फेकीऐवजी त्यांचा आकडा वापरता येतो) मी बहुधा सेव्हसाठी वापरते. ते बरोबर आहे का? आणि पुढची खरेदी सेलेस्टीन की मॉर्व्हेन वाल (दोघी याच फौजेच्या नामांकित सेनानी)? बाहेरून मागवलं की ड्युटीसकट आकडा डोळे पांढरे करतो, म्हणून आधी विचारतेय.

प्रतिसाद

ताई, ६ चा फासा एका साध्या सिस्टरचा जीव वाचवायला घालवू नका. एक बाई वाचते आणि पुढच्याच गोळीला जाते. ६ मेल्टाच्या डॅमेजसाठी राखा. मल्टी-मेल्टाचा पल्ला १८ इंच, पण ९ इंचांच्या आत गेलात की डॅमेजला वर २ मिळतात. म्हणजे ६ लावला की थेट ८, आणि बॅलिस्टसला वूंड्स आहेत १२. रेट्रिब्यूटर्सना इमोलेटरमध्ये बसवून पुढे न्या, पायी गेल्या तर वाटेतच संपतील.

सेव्हला लावायचेच तर ४ चे फासे लावा, तेही ऑब्जेक्टिव्हवरच्या (ताब्यात ठेवायच्या जागेवरच्या) पथकासाठी.

प्रतिसाद

वरच्यांशी अर्धी सहमत. एका युनिटला एका फेजमध्ये (पाळीच्या टप्प्यात) एकच चमत्कार, म्हणजे मिरॅकल फाशाचा वापर, करता येतो, म्हणून वूंडला (घाव होतो का, त्या फेकीला) लावायचा की डॅमेजला, हे ठरवावं लागतं. मल्टी-मेल्टाची स्ट्रेंग्थ ९, बॅलिस्टसचा टफनेस १०, म्हणजे वूंडला ५+ हवेत. तीनातला एकच लागतो. ९ इंचांच्या आत असाल तर सरासरी डॅमेज साडेपाच. तिथे ५ चा फासा वूंडला लावणं सरासरीने जास्त देतं, शिवाय ६ शिल्लक राहतो. लांबून मारत असाल तर डॅमेजलाच लावा. मात्र एक ध्यानात ठेवा: फासा टाकायच्या आधी सांगावं लागतं, पडल्यावर नाही. म्हणून मी हल्ले एकेक करून टाकते. पहिल्या दोन-तीनांत वूंड झालीच तर चमत्कार डॅमेजसाठी हातात राहतो.

आणि आपलं अख्खं युनिट मेलं की एक फासा मिळतो, एकेक सिस्टर मेल्यावर नाही. हे बरेचजण चुकीचं खेळतात.

प्रतिसाद

नियमांत गती नाही, पण रंगाचं विचारणार असाल तर आताच सांगतो. ऑर्डर ऑफ अवर मार्टर्ड लेडी (काळं चिलखत, लाल झगे) करणार असाल तर निव्वळ काळा फासू नका, कडांना निळसर राखाडी द्या, नाहीतर टेबलावर नुसते ठिपके दिसतात. आणि कोकणपट्टीत राहत असाल तर पावसाळ्यात स्प्रे प्रायमर नको, दमटपणामुळे पृष्ठभाग रवाळ होतो. ब्रशने लावायचा अॅक्रिलिक प्रायमर घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! वूंड आणि डॅमेजमधला हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. राहते ठाण्यात, तेव्हा प्रायमरचंही कामाला आलं. सेलेस्टीन-वालबद्दल कुणी बोललं नाही मात्र.

प्रतिसाद

१००० पॉइंट्सला सेलेस्टीन. पहिल्यांदा मेली तरी परत उठायची संधी तिला असते, त्यामुळे मावसभावाला तिच्यावर दोनदा गोळ्या घालवाव्या लागतील. वाल छान आहे, पण तिच्याबरोबर पॅरागॉन वॉरसूट्स (मोठ्या यंत्र-चिलखतातल्या सिस्टर्स) घेतले की एवढ्या छोट्या डावात बाकी काही मावत नाही. २००० ला गेलात की बघा.

आणि फासे टेबलावर उघडे असतात, हे विसरू नका. तुमच्याकडे ६ पडलेला दिसला की तो ड्रेडनॉट मागे ओढेल. ओढू दे, तेवढा वेळ ऑब्जेक्टिव्ह तुमच्याच.