विषय: शिवजयंती, डिसेंबरातली चहाची होळी आणि एप्रिलची पहाट

प्रेषक: मराठी शाळा (मोठा गट)

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीतल्या शिवजयंतीसाठी समितीने सूचना मागवल्या आहेत. माझी सूचना शिवजयंतीपुरती नाही, त्यामुळे पत्र जरा लांबणार आहे.

आपल्यातली बरीच कुटुंबं अमेरिकेत बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टन आणि आसपासच्या गावांत राहतात. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध १९ एप्रिल १७७५ ला इथल्याच चकमकीने सुरू झालं. एप्रिलमध्ये त्याच्या स्मरणार्थ असलेल्या पेट्रियट्स डेच्या सुट्टीला पहाटे साडेपाचच्या सुमारास लेक्सिंग्टनच्या मैदानावर ती चकमक पुन्हा उभी करतात. माणसं अंधारातच जागा धरतात, मागच्या पोरांना दिसावं म्हणून घडीच्या शिड्या आणतात. ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी एकदा जाच. मैदानाच्या कडेचं बकमन टॅव्हर्न, म्हणजे जुनी खानावळ, तेव्हाचंच आहे. ढोल वाजतो, गावातले लोक दोन ओळींत उभे राहतात, रस्त्याने इंग्रजांची लाल डगल्यांची पलटण येते. पुढचं सगळं काही मिनिटांत संपतं. काडतुसाचा कागद दाताने फाडतात, बार उडतो आणि दारूचा धूर गवतालगत पसरतो. पलटण पुढे निघून गेली की गावातल्या बायका मैदानात येतात आणि पडलेल्यांपाशी बसतात. एवढ्या गर्दीत त्या वेळी कुणी बोलत नाही.

मला त्या लढाईपेक्षा तिच्यामागची तयारी महत्त्वाची वाटते. मैदानातला प्रत्येक माणूस त्या दिवशी खरोखर तिथे असलेला कुणीतरी असतो. जोनस पार्कर हा गावकऱ्यांच्या तुकडीचा प्रमुख कॅप्टन जॉन पार्कर याचा चुलतभाऊ. त्याने गोळ्या टोपीत घालून टोपी पायाशी ठेवली होती, जागा सोडायची नाही म्हणून. तो तिथेच संगिनीने मारला गेला. ढोल वाजवणारा पोरगा विल्यम डायमंड. जोनाथन हॅरिंग्टनचं घर मैदानाला लागूनच. जखमी होऊन तो दारापर्यंत सरपटत गेला आणि उंबऱ्यातच त्याने प्राण सोडला, असं गाव सांगतं. आमच्या शेजारचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं अशाच एका शेतकऱ्याच्या भूमिकेत उभे राहतात. त्या शेतकऱ्याची जमीन कुठे होती, मुलं किती, पुढे त्याचं काय झालं, हे ते घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगतात.

आता आपली शिवजयंती पाहा. एक शिवाजी महाराज, एक जिजाऊ, आणि बाकी सगळे मावळे. मावळ्यांना नाव नाही, गाव नाही. मुलं फेटे बांधून उत्साहाने येतात, घोषणा देतात आणि घरी जातात. माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलं, ‘मी कोणता मावळा?’ त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या कार्यक्रमात असायला हवं.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. १७७३ मध्ये लेक्सिंग्टनच्या गावकऱ्यांनी निषेध म्हणून आपला चहा जाळला होता; डिसेंबरात गावात ती चहाची होळी पुन्हा करतात, तिला आपण कुटुंबांसह जावं. फेब्रुवारीत पावनखिंड करावी, पण प्रत्येक मुलाला एक नावाचा माणूस देऊन. आणि एप्रिलच्या पहाटे सगळ्यांनी मिळून मैदानावर जावं.

प्रेषक: माजी अध्यक्ष

ताई,

तुझी तळमळ कळते. पण मला हे पटत नाही, आणि ते स्पष्टच सांगतो.

इथला इतिहास पोरांना इथली शाळा शिकवते. इंग्रज फौज येतेय हे सांगायला रातोरात घोड्यावरून दौडलेला पॉल रिव्हिअर त्यांना तिसरी-चौथीत पाठ असतो. शिवराय त्यांना आपल्याशिवाय कोण सांगणार? मराठी शाळेचे रविवार मोजके, त्यात सुट्ट्या, त्यात बर्फ. त्यातले काही लेक्सिंग्टनला दिले तर ते रायगडाच्या वाटणीचे जाणार. आमच्या पिढीने हे मंडळ उभं केलं ते पोरांना आपलं काहीतरी मिळावं म्हणून. दुसऱ्याच्या उत्सवात कडेला उभं राहायला पोरं शाळेमार्फत जातातच.

आणि दुसरं. नाव दिलं की पोरगं इतिहास शिकतं, हे तू गृहीत धरतेस. ते संवाद पाठ करील आणि विसरेल. नाटकं मीही खूप बसवली आहेत.

प्रेषक: एक पालक, लेक्सिंग्टन

नमस्कार,

माझा मुद्दा वेगळा आहे. आमची धाकटी दुसरीत आहे. शाळेत कुणी बंदूकधारी शिरला तर काय करायचं याची, लॉकडाऊनची कवायत होते तेव्हा ती वर्गाच्या कोपऱ्यात, दिवा बंद करून, गप्प बसते. त्या रात्री ती आमच्याच खोलीत झोपते. अशा मुलीला पहाटे उठवून बंदुकीचे बार ऐकायला आणि माणसं पडलेली बघायला न्यायचं का? लढाई हा खेळ म्हणून दाखवायची गोष्ट नाही असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारीतल्या पत्र्याच्या तलवारींबद्दलही मला हेच वाटतं, पण ते आजवर बोलले नव्हते.

प्रेषक: मराठी शाळा (मोठा गट)

काका, आणि लेक्सिंग्टनच्या ताई,

दोन्ही पत्रं वाचली. आधी बंदुकीचं.

तुमच्यासारखा विचार करणारे इथेही आहेत, आणि ते कुणी ऐरेगैरे नाहीत. शेजारच्या कॉनकॉर्डचा नॉर्थ ब्रिज ज्या राष्ट्रीय उद्यानात येतो, त्या उद्यानसेवेचं धोरणच आहे की त्यांच्या जमिनीवर दोन बाजू समोरासमोर उभ्या करून, माणसं पाडून लढाई दाखवायची नाही. कवायत चालते, सलामीचे बार चालतात. खऱ्या युद्धातलं दुःख असं दाखवता येत नाही, अशी त्यामागची भूमिका. लेक्सिंग्टनचं मैदान गावाचं, म्हणून तिथे होतं. तिथेही बंदुकीत नुसती दारू असते, गोळी नसते. पण आवाज तो आवाजच. धाकट्यांना एप्रिलला नेऊच नये, हे मला मान्य आहे. मोठ्या गटातल्या मुलांनाही घरी विचारूनच न्यावं.

चहाच्या होळीत मात्र बंदूक नाही. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या त्या १६ डिसेंबर १७७३ ला. त्याच्या तीन दिवस आधी, १३ डिसेंबरला, लेक्सिंग्टनच्या गावकऱ्यांनी घरोघरचा चहा गोळा करून जाळला. डिसेंबरात तो प्रसंग पुन्हा करतात. लहान पोरांनी बघायला यापेक्षा चांगला प्रसंग नाही. घरातली चैनीची वस्तू, आईने जपून ठेवलेली, ती का द्यायची हे सहा वर्षांच्या मुलालाही समजतं आणि त्यावर त्याचं स्वतःचं मत असतं.

काका, आता तुमचा मुद्दा. हा दुसऱ्याचा उत्सव आहे असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण तो चहाच. तो चहा चीनचा होता, पण आणला होता ईस्ट इंडिया कंपनीने. जिच्याशी नाना फडणवीस आणि महादजी शिंदे लढले तीच ही कंपनी. तारखा शेजारी ठेवून बघा. राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला मार्च १७७५ मध्ये. लेक्सिंग्टन एप्रिलमध्ये. गुजरातेतली अडासची लढाई, इंग्रज आणि पुणेकरांची, मे महिन्यात. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध एकाच वसंतात पेटलं. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांत कंपनीचा गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बरोबर श्रीरंगपट्टणला होते. हे इथली शाळा शिकवत नाही, तिकडचीही एकत्र मांडून शिकवत नाही. दोन्ही बाजू माहीत असलेली माणसं आपणच आहोत.

संवाद पाठ होतात आणि विसरले जातात, हे खरं आहे. म्हणूनच मला संवाद नकोत, कागद हवेत. लेक्सिंग्टनच्या चकमकीनंतर आठवड्याच्या आत गावकऱ्यांनी शपथेवर जबान्या दिल्या, त्या आज वाचायला मिळतात. कॅप्टन पार्करची जबानी आहे. त्यात तो म्हणतो की मी माझ्या माणसांना पांगायला आणि गोळी न झाडायला सांगितलं. मैदानातल्या दगडावर मात्र त्याच्या तोंडी एक तडफदार वाक्य कोरलेलं आहे. ते पुढच्या पिढ्यांच्या आठवणींतून आलं. जबानीत ते नाही. पहिली गोळी कुणाची हे तर अजून ठरलेलं नाही. मुलांपुढे जबानी ठेवा, दगडाचा फोटो ठेवा आणि विचारा, तुम्ही कशावर विश्वास ठेवाल? हे एकदा इथल्या गोष्टीवर केलं की मग पावनखिंडीवर करता येतं. समकालीन कागदात काय आहे, बखरीत काय आलं, पोवाड्याने काय घातलं. महाराजांबद्दलचा आदर याने कमी होत नाही. उलट मूल मोठं होऊन कुणी वादाला आलं तर त्याच्याजवळ घोषणेखेरीज काहीतरी असेल.

आणखी एक माणूस सांगायचा राहिला. त्या पहाटे मैदानात प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक काळा माणूस उभा होता. तो गुलाम होता. ज्या गावाच्या स्वातंत्र्यासाठी तो जखमी झाला त्या गावात तो स्वतः स्वतंत्र नव्हता. आज त्याचं नाव घेतलं जातं, त्याची भूमिका केली जाते. शिवा काशिदचं नाव पन्हाळ्यावर जसं घेतात, पुतळ्यापाशी थांबतात, तसं. पालखीत बसून मरायला गेलेला तो माणूस आपल्या शिवजयंतीत आजवर कुणी केलेला मला आठवत नाही. फुलाजी प्रभू नाही, बांदलांपैकी कुणी नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला नाव द्यायला माणसं कमी पडणार नाहीत.

शेजाऱ्यांचं बोलायचं तर, २०२० च्या जनगणनेत लेक्सिंग्टनमध्ये जवळपास तिसरा हिस्सा लोक आशियाई वंशाचे आहेत. म्हणजे आपण आता पाहुणे नाही. तरीही गावाच्या सगळ्यात मोठ्या दिवशी आपली बरीच घरं झोपलेली असतात. पहाटे चारला मैदानावर उभं राहिलं की अनोळखी माणूस आपली शिडी तुमच्या पोराला देतो. नंतर चर्चमध्ये पॅनकेक खायला गेलं की त्याच्याच शेजारी बसायला मिळतं. मी या गावात आले तेव्हा पहिली ओळख अशीच झाली होती, आणि ती टिकली आहे.

प्रेषक: एक आजी (सध्या मुक्काम ॲक्टन)

सर्वांना आशीर्वाद. सून पत्रं वाचून दाखवते.

मला इतिहासातलं फार कळत नाही, पण शिवण कळते. सून म्हणते, मैदानावर भूमिका करणाऱ्या त्या लोकांच्या कपड्यांना चेन चालत नाही, दिसणारी शिवण हाताची लागते, काजंसुद्धा हाताने करतात. काजं मला येतात. आमच्या वेळी शाळेत शिकवायचे. मुलींना आणि मुलांनाही शिकवीन. एप्रिलच्या शेवटी परत जाणार आहे, तोवर मोकळी आहे. जाड सुती कापड आणि लाकडी बटणं कुणी आणून द्या.

प्रेषक: माजी अध्यक्ष

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शिवजयंती महाराजांचीच राहील, तिथे लेक्सिंग्टन नको, यावर मी ठाम आहे. बाकीच्यावर विचार केला.

तू कंपनीचं लिहिलंस आणि मला माझं गाव दिसलं. आमचं घर तळेगावचं. वडगाव मावळात इष्टुर फाकड्याची समाधी आहे, लहानपणी आम्ही तिथे जायचो. कॅप्टन स्टुअर्ट; जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडला. शत्रूचा सरदार, पण शूर होता म्हणून लोकांनी त्याला फाकडा म्हटलं. कंपनीची फौज बोरघाट चढून पुण्याकडे निघाली होती. मराठ्यांनी वाटेतला दाणावैरण जाळला, आणि फौज तळेगावला पोचली तेव्हा गावच जळत होतं. पुण्याची वाट सोडून ती रातोरात मागे फिरली, जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि वडगावात कोंडली गेली. तिथेच तह झाला. ते तळं मी रोज बघत होतो.

तू माणसाला नाव द्यायचं म्हणतेस. तळेगावच्या ज्या माणसांनी आपलं गाव जाळू दिलं त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. पण त्या घरातून काय बाहेर काढलं असेल आणि काय मागे ठेवलं असेल, हे पोरांना विचारायला मला आवडेल. लेक्सिंग्टनच्या बाईने चहा जाळला, तळेगावच्या बाईने घर. दोघींचं वैर एकाच कंपनीशी. डिसेंबरात चहाच्या होळीला जायच्या आधीचा एक रविवार मला दे. नकाशा मी काढून आणतो, बोरघाट, कार्ला, तळेगाव, वडगाव. मात्र मोठा गटच. आणि त्या ताईंचं म्हणणं धरून, पत्र्याच्या तलवारी नकोत.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी,

काल रात्री फोनवर बोलणं झालं. असं ठरलंय:

डिसेंबरातला पहिला रविवार काकांचा, विषय वडगाव. त्यानंतर चहाची होळी. गावाने वेळ जाहीर केली की इथे कळवू, गाड्या भरून जाऊ. शिवजयंतीला पावनखिंड. तलवारी नाहीत, भाषणं नाहीत; पन्हाळा ते विशाळगड नकाशा जमिनीवर आखून मुलं चालतील आणि प्रत्येक जण आपल्या माणसाबद्दल तीन वाक्यं स्वतःच्या शब्दांत सांगेल. कुणाला कोण हे ताई ठरवतील. आपल्या माणसाबद्दलचं कुठल्या कागदातलं आणि कुठलं पोवाड्यातलं, हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

एप्रिल ऐच्छिक, पाचवीच्या पुढच्यांसाठी. धाकट्या मुलांच्या पालकांसाठी त्या पहाटे ॲक्टनला आजींच्या घरी नाश्ता आहे, पोहे त्या करणार आहेत. दुपारच्या मिरवणुकीला सगळे एकत्र.

लाकडी बटणं मिळाली. जाड सुती कापड अजून हवं आहे, आणि निदान चार शिड्या. ज्यांच्याकडे असतील त्यांनी याच पत्राला उत्तर द्या.