मदत हवी आहे: वस्तीत सिकलसेल तपासणी करायची आहे

नमस्कार मंडळी. उत्तर नागपुरात आमचा बायांचा बचत गट आहे. एक संस्था वस्तीतल्या मुलांची सिकलसेल (आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार) तपासणी करून द्यायला तयार आहे. किट आणि तंत्रज्ञ त्यांचे. समाजभवन आणि घरोघरी जाऊन बोलावणं आमचं.

मागच्या हिवाळ्यात शेजारचा सात वर्षांचा पोट्टा रात्रभर पाय धरून रडत होता. आई कोमट तेल चोळत राहिली, तिला वाटलं थंडीनं दुखते. सिकलसेल निघाला. तेव्हापासून मला चैन नाही.

अडचण पुढची आहे. सोल्युबिलिटी या झटपट रक्तचाचणीत वाहक (स्वतः आजारी नाही, पण मुलांना आजार देऊ शकतो) कोण आणि आजारी कोण हे कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की तपासणी लागतेच. ती कुठून करायची? संस्था शिबिर आटोपून जाईल. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या तर पाठपुरावा कोणी ठेवायचा? २०२३ पासूनच्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेशी हे जोडायला आधी आशाताईंना भेटावं की महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात पत्र द्यावं?

आणि रिपोर्ट गुप्त कसे ठेवता? मुलीचं नाव वस्तीभर झालं तर लग्नाच्या वेळी त्रास होतो, म्हणून बाया कचरतात. ज्यांनी संस्थेसोबत असं काम केलंय, त्यांनी लेखी करारात काय घातलं होतं तेही सांगा.