विषय: वाचनकट्टा – काझिमिएश मोचार्स्की

प्रेषक: चिटणीस, वाचनकट्टा

नमस्कार मंडळी,

पुढच्या कट्ट्याला पोलिश पत्रकार मोचार्स्की घ्यायचे ठरले आहेत. नाव बऱ्याच जणांना नवीन असेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

जन्म वॉर्साचा, १९०७ चा. शिक्षण कायद्याचं आणि पत्रकारितेचं, काही काळ पॅरिसलाही होते. जर्मनांनी पोलंड गिळल्यावर भूमिगत चळवळीत शिरले. पुढे तिची 'आर्मिया क्रायोवा', म्हणजे गृहसेना झाली. या मंडळींनी जर्मनांच्या नाकाखाली छापखाने चालवले, न्यायालयंही चालवली. फितुरांची चौकशी करून पुरावे जमवण्याचं काम मोचार्स्कींकडे होतं. जून १९४४ मध्ये वॉर्सातल्या यान बोझी रुग्णालयातून कैदी सोडवून नेले, त्या कारवाईचं नेतृत्व त्यांचं. दोनच महिन्यांत जर्मनांविरुद्ध वॉर्साचा उठाव झाला. त्या ६३ दिवसांत ते उठावकऱ्यांचं रेडिओ केंद्र सांभाळत होते आणि वार्तापत्रही काढत होते.

युद्ध संपलं आणि ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांना अटक झाली. अटक करणारे जर्मन नव्हते, नव्या कम्युनिस्ट राजवटीचे पोलीस होते. गृहसेनेत काम केलं हाच गुन्हा. १० वर्षांची शिक्षा झाली, माफीत ती निम्म्यावर आली, पण सुटका काही झाली नाही.

आता खरी गोष्ट. २ मार्च १९४९ ला त्यांना वॉर्साच्या मोकोतुव तुरुंगात ज्या कोठडीत टाकलं, तिथे आधीच दोन जर्मन होते. त्यातला एक युर्गन श्ट्रोप. १९४३ मध्ये वॉर्साचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, पेटवून जमीनदोस्त करणारा एसएस या नाझी दलाचा अधिकारी तो हाच. दोघं २५५ दिवस एकत्र राहिले. त्यातूनच 'रोझ्मोवी स कातेम' हे पुस्तक झालं, म्हणजे जल्लादाशी झालेली बोलणी. इंग्रजी अनुवाद मिळतो.

जमेल तेवढं वाचून या.

---

प्रेषक: नाना

चिटणीस महाशय,

आम्हा कोल्हापूरकरांना पोलंड म्हटलं की आधी वळिवडं आठवतं. १९४३ ते ४८ तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. त्यामुळे विषयाला आक्षेप नाही. आक्षेप पुस्तकाला आहे.

सकाळपासून इंग्रजी प्रत चाळतोय. पानंच्या पानं श्ट्रोप बोलतोय. आईबद्दल, शिकारीबद्दल, एसएसचा प्रमुख हिमलर याच्या भेटीबद्दल. कोठडीत कागद नाही, पेन्सिल नाही, आणि वीसेक वर्षांनी हे संवाद अवतरणचिन्हांत? याला पत्रकारिता म्हणायचं की नाटक? आणि मुळात असल्या माणसाला एवढं ऐकून का घ्यायचं? मी त्या जागी असतो तर पहिल्या रात्रीच त्याची मान धरली असती.

---

प्रेषक: माई (वॉर्सा)

अहो नाना, मान धरायची संधी तुरुंगात कुणाला मिळते?

तो तुरुंग आमच्यापासून लांब नाही. राकोव्हिएत्स्का रस्ता, पोले मोकोतोव्स्किए मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. आता तिथे संग्रहालय केलंय. कुणी आलात तर मी दाखवायला येईन.

मला त्या पुस्तकात तिसरा कैदी फार महत्त्वाचा वाटतो. गुस्टाव शिल्के, हानोव्हरचा जुना पोलीस शिपाईगडी. श्ट्रोप फुगून बोलायला लागला की हा टाचणी लावतो. आपला जनरल काय लायकीचा आहे हे जर्मनानेच पोलिश माणसासमोर काढायचं! शिल्के नसता तर श्ट्रोपच्या निम्म्या थापा खपून गेल्या असत्या.

आणि तो झेंड्यांचा भाग वाचा. घेट्टोतल्या मुरानोव्स्की चौकात लढणाऱ्यांनी एका उंच इमारतीवर दोन झेंडे लावले होते, एक पोलिश, एक ज्यू. तोफा, रणगाडे असलेल्या सैन्याला त्या दोन फडक्यांनी हैराण केलं, खुद्द हिमलर फोनवर ओरडत होता, हे श्ट्रोप स्वतःच्या तोंडाने सांगतो. ऐकून घेतलं नसतं तर शत्रूच्या तोंडची ही कबुली कुठून मिळाली असती?

---

प्रेषक: चिटणीस, वाचनकट्टा

नाना, शंका रास्त आहे. शब्दन् शब्द तसाच बोलला गेला असं मीही धरून चालत नाही. मोचार्स्कींनी ते मनात साठवलं, १९५६ मध्ये सुटल्यावर लिहून काढलं, आणि साल-तारखा, नावं कागदपत्रांशी ताडून पाहिली. संवादाची घडण त्यांची, मजकूर श्ट्रोपचा, असं मी वाचतो. शिवाय पडताळायला घेट्टोवरच्या मोहिमेचा श्ट्रोपचा स्वतःचा अहवाल आहेच. चामडी बांधणीचा, फोटोंसकट, वरिष्ठांना खूश करायला केलेला. पकडलेल्या आणि मारलेल्या ज्यूंचा आकडा त्यात ५६,०६५ असा अगदी हिशेबी दिलाय. न्युरेंबर्गच्या खटल्यात तो पुरावा म्हणून आला. १६ मे १९४३ ला त्लोमात्स्किएचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सुरुंगाने उडवून मोहीम संपवली, हे अहवालात एका ओळीत आहे. तेच कोठडीत सांगताना त्याला अजून केवढी धन्यता वाटत होती, ते मोचार्स्कींमुळे कळतं.

आणि ऐकणाऱ्याची अवस्था काय होती? चौकशीत त्यांचे जे हाल झाले, त्याची यादी त्यांनी १९५५ मध्ये तुरुंगातूनच लिहून सरकारी वकिलांकडे पाठवली. छळाचे ४९ प्रकार, करणाऱ्यांच्या नावांसकट. दिवसच्या दिवस झोपू न देणं त्यातलंच. असा माणूस कोठडीत परत येऊन समोरच्याला विचारतो, तुझे वडील काय करायचे, शाळेत काय शिकवायचे. माझ्या मते त्यांची पत्रकारिता इथे आहे. शिव्या द्यायला तिथे कुणीही चाललं असतं.

श्ट्रोपला मार्च १९५२ मध्ये त्याच तुरुंगात फाशी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोचार्स्कींनाही फाशी सुनावली, तीही नाझी गुन्हेगार आणि त्यांच्या हस्तकांसाठी केलेल्या कायद्याखाली! पुढच्या वर्षी ती जन्मठेपेवर आणली, पण हे त्यांना सांगितलं जानेवारी १९५५ मध्ये. तोवर रोज पहाटे दाराकडे कान. पत्नी झोफियाही तुरुंगात होत्या.

---

प्रेषक: नाना

१९५५ पर्यंत सांगितलंच नाही? हे मी अजून वाचलं नव्हतं. नीचपणा आहे हा.

पुस्तक छापू कसं दिलं मग त्याच राजवटीने?

---

प्रेषक: माई (वॉर्सा)

रडतखडत. १९५६ च्या शेवटी निर्दोष ठरले. मग इथल्या 'कुरिअर पोल्स्की' दैनिकात नोकरी केली. लेखन 'ओद्रा' मासिकात १९७२ ते ७४ क्रमशः आलं, पुस्तक १९७७ मध्ये, तेही सेन्सॉरची कात्री लागून. ते स्वतः १९७५ मध्येच गेले. न कापलेली आवृत्ती यायला कम्युनिस्ट राजवट जावी लागली. नाना, तुमची प्रत कुठली आहे ते बघा. जुना अनुवाद असेल तर कापलेल्या मजकुरावरून केलेला असणार.

---

प्रेषक: चिटणीस, वाचनकट्टा

माई, पोलिश पूर्ण आवृत्तीतले गाळलेले दोन-तीन उतारे मराठीत सांगाल का? नानांना पहिली वीस मिनिटं देतो, अवतरणचिन्हांवरचा आक्षेप त्यांनी मांडावा. हॉलची किल्ली मिळाली आहे. चहा मंडळाचा, खायचं ज्याने त्याने आणावं, आणि मागच्या वेळसारखे पाच जणांनी चिवडेच आणू नका.