तिसरीची हातच्याची वजाबाकी घरी कशी घ्यावी?

प्रश्न (कोथरूड): मुलगी ४०२ − १७८ चं उत्तर ३७६ लिहिते. रोज तासभर बसवते, शेवटी रडारड. क्लास लावू का?

उत्तर १: ताई, हा निष्काळजीपणा नाही. ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतेय: ८−२, ७−०, ४−१. जास्त गणितं दिलीत तर तीच सवय पक्की होईल. कागदाच्या शंभर, दहा आणि एकच्या नोटा करा. शंभरची एक मोडून दहाच्या १०, त्यातली एक मोडून एकच्या १०. उरतात ३ शतक, ९ दशक, १२ एकक. आता वजा करू द्या: २२४. मधे शून्य असलेली गणितं जास्त अडतात, कारण एककासाठीच दोनदा मोडावं लागतं. नोटा हाताळून झाल्यावरच वहीत, तीही चौकटीची. अप्पा बळवंत चौकात सहज मिळते.

उत्तर २: तासभर फार होतो हो! शाळेतून आल्यावर खाणं, खेळणं, मग वीस मिनिटं, पाचच गणितं. ताळा तिनेच करायचा: २२४ + १७८.

उत्तर ३: क्लास आत्ता नको. आधी वर्गशिक्षिकांना हातचा मांडायची पद्धत विचारा. घरी वेगळी शिकवली की मूल दोन्हीकडे अडखळतं.