आइस हॉकीचे प्ले-ऑफ नाशिकमध्ये राहून नीट कसे पाहावेत?

सातपूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो आणि २०२४ च्या अंतिम मालिकेपासून उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजेच एनएचएलचे सामने पाहू लागलो आहे. त्या वर्षी फ्लोरिडा पँथर्सने पहिले तिन्ही सामने जिंकून एडमंटन ऑइलर्सला जेरीस आणले होते. त्यानंतर एडमंटनने लागोपाठ तीन सामने जिंकून बरोबरी साधली आणि सातवा सामना फ्लोरिडाने २-१ असा जिंकून आपला पहिलावहिला स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, उचलले. त्या पंधरवड्यात या खेळाचे जे वेड लागले ते आजतागायत टिकून आहे.

मला दोन गोष्टींबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पहिली गोष्ट वेळेची. एप्रिलच्या उत्तरार्धात १६ संघांच्या आठ मालिका जवळपास एकदम सुरू होतात, रोज तीन-चार सामने असतात आणि त्यांतले बरेचसे आपल्याकडे पहाटे साडेचारनंतर सुरू होतात. माझी पहिली पाळी सकाळी सातला लागते, त्यामुळे तीनपैकी दोन सत्रे पाहून, ऐन रंगात आलेला सामना अर्धवट टाकून कंपनीची बस गाठावी लागते. आयपीएलचे प्ले-ऑफ चार सामन्यांत आटोपतात. इथे दोन महिने हा क्रम चालू राहतो. इतक्या सामन्यांतून निवड कशी करावी?

दुसरी गोष्ट खेळाच्या आकलनाची. २०१९ साली टॅम्पा बे लायटनिंगने साखळीत ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसने त्यांना ४-० असे घरी पाठवले. २०२३ साली बॉस्टनने ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला, आणि अखेरच्या वाइल्ड कार्डवर, म्हणजे विभागातून थेट पात्र न ठरता उरलेल्या जागेवर आत आलेल्या फ्लोरिडाविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊनही ते हरले. अव्वल संघ असा कोसळत असेल तर साखळीतल्या कामगिरीवरून काय ताडावे, आणि प्ले-ऑफ पाहताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

गोदाकाठ (उत्तर)

सातपूरकर, आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो उलगडला की पहिला बराचसा आपोआप सुटेल.

साखळीत आज एक प्रतिस्पर्धी तर परवा दुसराच असतो आणि मध्ये विमानप्रवास असतो, त्यामुळे समोरच्या संघाची बारकाईने चिरफाड करायला कुणालाच उसंत नसते. प्ले-ऑफमध्ये मात्र तेच दोन संघ दर एक-दोन दिवसांआड समोरासमोर येतात. सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे सरकतो, आणि कप उचलायचा तर अशा चार फेऱ्या, म्हणजे एकूण १६ विजय मिळवावे लागतात. तिसऱ्या-चौथ्या सामन्यापर्यंत दोन्ही प्रशिक्षकांना एकमेकांच्या सगळ्या खोडी कळलेल्या असतात. साखळीत ज्या एका युक्तीवर संघाने पन्नास-साठ सामने मारून नेले, तीच युक्ती इथे बंद पाडली जाते, आणि ज्याच्याकडे दुसरी तयार नसते तो बाहेर पडतो.

खेळाडू बदलण्याचा नियम इथे फार महत्त्वाचा ठरतो. खेळ थांबल्यावर दोन्ही संघांना बर्फावरचे खेळाडू बदलता येतात, परंतु पाहुण्यांनी आपली माणसे आधी उतरवायची आणि यजमानांनी ती पाहून मग आपली उतरवायची, असा दंडक आहे. त्यामुळे कुणासमोर कोण खेळेल हे यजमानांना ठरवता येते. २०२४ च्या मालिकेत एडमंटनचा हुकमी आक्रमक कॉनर मॅकडेव्हिड याच्यासमोर आपल्या अलेक्झांडर बारकोव्हला उभे करण्याचा फ्लोरिडाचा प्रयत्न सतत चालू होता, तो आपण पाहिलाच असेल. हा हुकमी एक्का आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पाचवा सामना फ्लोरिडाच्या घरी असूनही मॅकडेव्हिडने गोल आणि गोलसाहाय्य मिळून चार गुण कमावले होते. सहाव्या आणि सातव्या सामन्यात मात्र त्याच्या नावावर एकही गुण लागला नाही. एडमंटन हरूनही प्ले-ऑफमधील सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच मिळाली, यावरून त्याआधीचा त्याचा खेळ काय तोलाचा होता हे लक्षात यावे.

तरीही, माझ्या मते, अव्वल संघ कोसळण्याचे सर्वांत मोठे कारण गोलरक्षक हेच आहे. या खेळात गोल मुळात कमी होतात, आणि समोरच्या गोलरक्षकाला दोन आठवडे सूर गवसला तर कितीही बलाढ्य आक्रमण बोथट होते. २०१२ साली लॉस एंजलिस किंग्ज आपल्या गटातून आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकाने आत आले आणि जोनाथन क्विकच्या गोलरक्षणाच्या बळावर थेट कप घेऊन गेले. २०२० साली टॅम्पाविरुद्ध पाच ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरीनंतरची जादा सत्रे, चाललेल्या सामन्यात कोलंबसच्या योनास कोर्पिसालोने ८५ फटके अडवले. तो सामना कोलंबसने ३-२ असा गमावला, पण एका माणसामुळे सामना किती ताणला जाऊ शकतो हे त्या दिवशी साऱ्यांनी पाहिले.

तिसरे कारण पडद्यावर दिसतच नाही, ते म्हणजे दुखापती. संघ केवळ ‘शरीराच्या वरच्या भागात’ किंवा ‘खालच्या भागात’ दुखापत असे मोघम सांगून गप्प बसतात, कारण नेमकी जागा कळली तर प्रतिस्पर्धी तिथेच धडका देतील. २०१३ च्या अंतिम मालिकेत बॉस्टनचा पॅट्रिस बर्जेरॉन मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन सहावा सामना खेळला, आणि नंतर रुग्णालयात त्याच्या फुप्फुसालाही इजा झाल्याचे निष्पन्न झाले. एखादा नावाजलेला खेळाडू अचानक निष्प्रभ वाटू लागला तर त्याला नावे ठेवण्याआधी ही शक्यता जरूर ध्यानात घ्यावी.

आता निवडीबद्दल. पहिल्या फेरीत आठही मालिकांचे तुकडे चाखत बसण्यापेक्षा एकच मालिका धरावी आणि ती पहिल्या सामन्यापासून शेवटपर्यंत पाहावी. विभागातील दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची गाठ पहिल्या फेरीतच पडते आणि दोघांची ताकद बहुधा तुल्यबळ असते, म्हणून मी डोळे झाकून तीच मालिका निवडतो. बॉस्टन आणि टोरांटो २०१८, २०१९ आणि २०२४ साली असेच भिडले आणि तिन्ही वेळा निकालासाठी सातवा सामना खेळावा लागला. तिन्ही वेळा टोरांटोच हरले, याचे दुःख त्यांच्या चाहत्यांना किती असेल हे मी समजू शकतो.

दिंडोरीचा बागाईतदार (उत्तर)

गोदाकाठ यांनी खेळाची बाजू उत्तम मांडली आहे. मी वेळेचे सांगतो, कारण प्ले-ऑफ सुरू होतात तेव्हाच आमच्याकडे द्राक्षबागांची खरड छाटणी चालू असते आणि मला तसेही पहाटे उठावे लागते.

एप्रिल ते जून या काळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला, आठचा साडेपाचला आणि पश्चिम किनाऱ्यावरचा, पूर्वेच्या घड्याळाने रात्री दहाचा सामना सकाळी साडेसातला सुरू होतो. वेळापत्रकावर तारीख तिथली असते, म्हणून त्यात एक दिवस मिळवण्यास विसरू नये. तिथला शनिवारचा संध्याकाळचा सामना आपल्या रविवारच्या पहाटे येतो, ही आपल्यासारख्यांची मोठीच सोय आहे. त्याखेरीज शनिवार-रविवारी तिथे काही सामने दुपारी ठेवतात. दुपारी एकचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो, आणि जेवणे आटोपून तो घरच्यांबरोबर बसून पाहता येतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात आपण हेच सामने धरावेत आणि बाकीचे नंतर पाहावेत.

नंतर पाहण्यात धोका निकाल आधीच कळण्याचा असतो. मोबाइलवरच्या सूचना बंद केल्या तरी एक फट राहते. संपूर्ण सामन्याच्या चित्रफितीखाली तिची लांबी दिसते. ती नेहमीपेक्षा तासाभराने जास्त असली की सामना ओव्हरटाइममध्ये गेला हे सुरुवातीलाच कळते आणि तिसऱ्या सत्राच्या अखेरच्या मिनिटांची सगळी धाकधूक निघून जाते. मी लॅपटॉपच्या पडद्याच्या खालच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवतो. ती चित्रफीत चालू करण्याआधीच चिकटवावी.

थेट पाहणार असाल तर ओव्हरटाइमचा हिशेब ठेवून बसावे. साखळीत बरोबरी झाली तर तीन-तीन खेळाडूंची पाच मिनिटे होतात आणि मग शूटआउटवर, म्हणजे एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर एकट्याने घेतलेल्या फटक्यांवर, निकाल लागतो. प्ले-ऑफमध्ये शूटआउट नसतेच. पाच-पाच खेळाडूंनिशी २० मिनिटांचे पूर्ण सत्र खेळवतात आणि पहिला गोल होईपर्यंत अशी सत्रे चालूच राहतात. १९३६ साली डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्यातील सामना सहाव्या ओव्हरटाइममध्ये, ११६ मिनिटे ३० सेकंदांच्या जादा खेळानंतर १-० असा संपला आणि तो विक्रम अजून अबाधित आहे. माझ्याकडे छाटणीची माणसे सातला येतात. सामना बरोबरीत अडकला की मी बांधावर उभा राहून मोबाइलवर पुढचे पाहतो, कारण ओव्हरटाइम अर्धवट सोडून देणे मला जमत नाही.

सातपूरकर

दोघांचेही मनापासून आभार. कागदाच्या पट्टीची सूचना आजच अमलात आणतो. आणखी एक शंका विचारतो. मला अजूनही पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, सतत नजरेतून निसटतो. गोल झाल्यावर पुनःप्रक्षेपणातच तो कसा झाला ते कळते. सरावाने नजर बसते का? आणि ओव्हरटाइममध्ये दमलेले संघ एकाएकी आपल्याच गोलसमोर कोंडले जातात, ते कशामुळे?

इंदिरानगर (उत्तर)

पकबद्दल जाणकार सांगतीलच. मी समालोचनाविषयी एक सुचवते. माझा भाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. तिथे २००८ पासून हॉकीचे पंजाबी समालोचन होत आले आहे आणि हिंदी समजणाऱ्या आपल्या माणसाला त्यातला बराच भाग कळतो. २०१६ च्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्यात पिट्सबर्गच्या निक बोनिनोने अखेरच्या मिनिटांत विजयी गोल केला, तेव्हा हरनारायण सिंग यांनी त्याच्या नावाचा जो गजर केला तो उत्तर अमेरिकाभर गाजला आणि पिट्सबर्गने त्या समालोचकांना विजयोत्सवाला बोलावून घेतले. त्याची ध्वनिचित्रफीत आपण अवश्य ऐकावी.

गोदाकाठ यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी असहमत आहे. तटस्थ राहून तुल्यबळ मालिका निवडण्यापेक्षा एक संघ आपला म्हणून धरावा आणि तो बाहेर पडेपर्यंत त्याच्याच मागे जावे. संघ आपला असला की तिसऱ्या फळीतल्या खेळाडूंचीही नावे पाठ होतात आणि खेळ लवकर उमगतो.

देवळाली कॅम्प (उत्तर)

मी लष्करातून निवृत्त झालो आहे. लेहला नेमणूक असताना जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर लडाख स्काउट्सची मुले खेळताना मी हा खेळ प्रथम पाहिला, आणि तो अगदी कडेला उभे राहून पाहिल्यामुळे पक शोधण्याची सवय मला कधी लागली नाही. तिथे पक दिसण्याआधी स्केटच्या पात्यांचा करकराट आणि काठीवर पक आदळल्याचा आवाज कानावर येतो. जाता जाता हेही नोंदवतो की आपल्या महिला संघाने २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकात कांस्यपदक मिळवले.

सातपूरकर, पक ही जेमतेम तीन इंच व्यासाची रबरी चकती आहे, तिचा पाठलाग नजरेने करू नये. पक ज्याच्याकडे आहे त्याचे खांदे आणि समोरचा गोलरक्षक यांच्याकडे पाहावे. गोलरक्षक पकच्या रेषेत सरकत असतो, त्यामुळे तो कुठे वळला यावरून पक कुठे आहे हे कळते. तो मान उंचावून माणसांच्या गर्दीतून डोकावू लागला तर त्याला पक दिसत नाही असे समजावे. प्ले-ऑफमध्ये अनेक गोल अशाच वेळी होतात, कारण आक्रमक मुद्दाम त्याच्या डोळ्यांसमोर ठाण मांडतात आणि मागून मारलेला फटका त्यांच्या अंगाला किंवा काठीला लागून दिशा बदलतो.

आता कोंडले जाण्याविषयी. खेळाडू एका वेळी सुमारे पाऊण मिनिटच बर्फावर राहतो आणि खेळ चालू असतानाच बाकावर जाऊन दुसऱ्याला जागा देतो. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात हा बाक आपल्या बचावक्षेत्राच्या बाजूला पडतो. दुसऱ्या सत्रात बाजू बदलल्या की तो लांब जातो. अशा वेळी दमलेल्या बचावपटूला पक मध्यरेषेपलीकडे ढकलल्याशिवाय बाकाकडे जाण्याची सोयच नसते. तो निघाला तर गोलसमोर भगदाड पडते, थांबला तर पाय उचलत नाहीत. प्ले-ऑफमधील पहिल्या ओव्हरटाइममध्येही बाजूंची मांडणी दुसऱ्या सत्रासारखीच असते.

सुटकेसाठी तो आपल्या अर्ध्या भागातून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावतो, पण ते आइसिंग ठरले की पक पुन्हा त्याच्याच गोलजवळ येतो आणि त्याच्या संघाला खेळाडू बदलण्याची मुभा नसते. समोरचा संघ मात्र ताज्या दमाचे पाच जण उतरवतो. आइसिंगची शिट्टी वाजली की त्या पाच दमलेल्या माणसांकडे पाहावे. कोण काठी गुडघ्यांवर टेकवून वाकला आहे हे दिसते, आणि समोरचा संघही तेच हेरून त्याच्याच बाजूने आक्रमण करतो.

गोदाकाठ

देवळाली कॅम्प यांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. आइसिंगनंतर दमलेल्या संघाचा प्रशिक्षक बहुधा आपला टाइमआउट वापरून त्या पाच जणांना अर्ध्या मिनिटाची उसंत मिळवून देत असे. आइसिंग करणाऱ्या संघाला लगेच टाइमआउट घेण्याची मुभा २०१७-१८ च्या हंगामापासून काढून टाकण्यात आली आहे. त्यामुळे जुने सामने पाहताना आपल्याला ही सवलत दिसेल, नव्या सामन्यांत ती दिसणार नाही. इंदिरानगर यांच्या सूचनेबद्दल एवढेच म्हणतो की संघ जरूर धरावा, पण तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला तर मेअखेरचे आणि जूनचे सामने सोडू नयेत, कारण अंतिम मालिकेचे सामने बहुधा आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सातपूरकरांना ते सलग पाहता येतील.